घाटावरच्या मुलांना समुद्री कासव कसे शिकवावे? सातारा-सांगलीच्या पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणारी समुद्री कासवे जवळजवळ सगळी एकाच जातीची असतात, ऑलिव्ह रिडले. साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत मादी रात्री वाळूवर येते. भरतीच्या रेषेच्या वर मागच्या पायांनी सुमारे दीड फूट खोल खड्डा काढते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू ओढून अंगाच्या भाराने ती दाबते आणि पाण्यात परत जाते. त्या घरट्याकडे ती पुन्हा फिरकत नाही. ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले वाळू सारून वर येतात आणि उजेडाच्या दिशेने, म्हणजे एरवी समुद्राकडे, चालू लागतात.

ही पिल्ले पाहण्यासाठी दरवर्षी घाटावरून अनेक कुटुंबे आणि शाळा कोकणात उतरतात. त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. नेमके कुठे जावे? पिल्ले दिसतीलच का? मुलांना हातात घेऊ देतात का? विहिरीत सापडलेले कासव समुद्रात सोडले तर चालेल का? घरात कासव पाळावे का? या प्रश्नांची उत्तरे पुढे दिली आहेत.

आधी तीन प्रकारची कासवे ओळखा

मराठीत सगळ्यांनाच कासव म्हणतात, त्यामुळे मुलांच्याच नव्हे तर मोठ्यांच्याही मनात गोंधळ होतो. सहलीच्या आधी घरी किंवा वर्गात हे तीन गट स्पष्ट करून घ्या.

- समुद्री कासव : पाय वल्ह्याच्या आकाराचे असतात. डोके आणि पाय कवचात ओढून घेता येत नाहीत. मादी अंडी घालण्यापुरतीच जमिनीवर येते. ऑलिव्ह रिडलेचे कवच ६०-७० सेंटिमीटर लांब असते आणि वजन ३५ ते ५० किलोपर्यंत भरते. भारताच्या समुद्रात पाच जाती आढळतात : ऑलिव्ह रिडले, हिरवे समुद्री कासव, हॉक्सबिल, लेदरबॅक आणि लॉगरहेड.
- नदी-तळ्यातले कासव : बोटांमध्ये पडदे आणि नखे असतात. कृष्णेच्या खोऱ्यात मऊ पाठीची कासवे आहेत. त्यांतले लीथचे मऊ पाठीचे कासव फक्त भारताच्या द्वीपकल्पात सापडते आणि संकटातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत ते 'अतिसंकटग्रस्त' ठरले आहे. ऑलिव्ह रिडले त्याच यादीत 'असुरक्षित' गटात, म्हणजे दोन पायऱ्या अलीकडे आहे. धोका जास्त आहे तो आपल्याच नदीतल्या कासवाला, आणि मुलांना हे आवर्जून सांगायला हवे.
- जमिनीवरचे कासव : पाय जाड आणि खांबासारखे असतात, पाठीवर पिवळ्या रेषांची चांदणीसारखी नक्षी असते. याला स्टार कासव म्हणतात. ते गवत-झुडपांत राहते, पोहत नाही.

हा फरक कळला नाही की चांगल्या हेतूनेही जीव जातो. स्टार कासव नदीत सोडले तर ते बुडते. विहिरीतले मऊ पाठीचे कासव गणपतीपुळ्याच्या सहलीत समुद्रात सोडले तर तेही तिथे जगू शकत नाही. शाळेत दुसरे काही शिकवायला वेळ मिळाला नाही तरी एवढे नक्की शिकवा.

धडा महाबळेश्वरापासून सुरू करा

किनारा लांब, मग आपला संबंध काय, असे मुले विचारतात. उत्तर नद्यांमध्ये आहे. जुन्या महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री यांचे उगम मानले जातात. त्यांतल्या दोघींची वाट मुलांना नकाशावर बोटाने काढायला लावा.

सावित्री पश्चिमेला उतरते आणि पोलादपूर, महाडवरून बाणकोटच्या खाडीत समुद्राला मिळते. त्या खाडीच्या मुखाशेजारीच रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातले वेळास आहे. महाराष्ट्रात कासव संरक्षणाचे गावपातळीवरचे काम याच गावाने नावारूपाला आणले. नाना फडणवीसांचे मूळ गावही वेळासच. नानांचा जन्म साताऱ्यात १७४२ साली झाला आणि त्यांचा वाडा वाईजवळ मेणवलीला कृष्णाकाठी उभा आहे. इतिहासाचा तास आणि परिसर अभ्यासाचा तास एकत्र घेण्याची एवढी सोपी संधी साताऱ्याच्या शिक्षकांना क्वचितच मिळेल.

कृष्णा मात्र पूर्वेला वळते. वाई, संगम माहुली, कराड, औदुंबर, सांगली, हरिपूर असे करत ती कर्नाटक, तेलंगणा ओलांडते आणि सुमारे १४०० किलोमीटरचा प्रवास करून आंध्रात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला मिळते. ऑलिव्ह रिडले त्या मुखाजवळच्या किनाऱ्यावरही अंडी घालतात. म्हणजे वाईच्या घाटावर किंवा सांगलीच्या आयर्विन पुलाखाली टाकलेली पिशवी वेळासला पोहोचत नाही. ती पोहोचलीच तर देशाच्या दुसऱ्या किनाऱ्यावर पोहोचते.

कोयनेची गोष्ट आणखी वेगळी आहे. कराडच्या प्रीतिसंगमावर ती कृष्णेला मिळते हे प्रत्येक मुलाला माहीत असते. पण कोयना धरणातले बरेचसे पाणी वीज तयार करून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला जाते, वाशिष्ठी नदीत पडते आणि चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत उतरते. पाटण तालुक्यातला पाऊस असा गुहागरच्या शेजारच्या समुद्रात जातो.

दोन्ही समुद्र कासवांसाठी वेगळे नाहीत, याचाही पुरावा आहे. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर '०३२३३' क्रमांकाची पट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना आढळली. समुद्रमार्गे हे अंतर सुमारे ३५०० किलोमीटर भरते. त्याआधी वनविभागाच्या कांदळवन कक्षाने आणि भारतीय वन्यजीव संस्थेने जानेवारी २०२२ मध्ये वेळासला 'प्रथमा' नावाच्या कासवाला उपग्रह ट्रान्समीटर लावला होता. पश्चिम किनाऱ्यावरचा तो पहिलाच प्रयोग होता. २०२३ मध्ये गुहागरहून सोडलेली 'बागेश्री' तर श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. मुलांना आकड्यांपेक्षा ही नावे लक्षात राहतात. नकाशावर बागेश्रीची वाट काढायला सांगितली तर भारताचा किनारा आपोआप पाठ होतो.

कुठे जावे

घर कुठे आहे त्यावर ठिकाण ठरवा. चारही पर्याय चांगले आहेत. मात्र सगळे एकाच सहलीत बसवण्याचा हट्ट धरू नका.

- वेळास (मंडणगड) : वाई, सातारा, महाबळेश्वर भागासाठी सोयीचे. आंबेनळी घाट उतरून पोलादपूर, महाडमार्गे मंडणगड गाठता येते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली गावकऱ्यांना बरोबर घेऊन इथे काम सुरू केले. त्याआधी अंडी लोक किंवा कुत्री-कोल्हे उकरून नेत असत. पुढे पिल्ले समुद्रात जाताना पाहण्याचा कासव महोत्सव सुरू झाला आणि पाहुण्यांची सोय गावातल्या घरांतच होऊ लागली. मुलांसाठी हीच सर्वांत चांगली शाळा आहे, कारण ज्या घरात ती जेवतात त्या घरातलाच माणूस पहाटे घरटी तपासायला निघतो.
- आंजर्ले (दापोली) : कराड, पाटणकडून कुंभार्ली घाटाने चिपळूण, खेड, दापोलीमार्गे. जवळच हर्णे बंदर आणि समुद्रातला सुवर्णदुर्ग आहे. बेटाचा धडा घ्यायचा असेल तर हे ठिकाण निवडा.
- गुहागर : सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागासाठी रस्ता सर्वांत सरळ. गुहागर-विजापूर महामार्ग जत, विटा, कराड, पाटण, चिपळूणवरून जातो. विट्याच्या मुलाच्या गावाजवळून जाणारा रस्ताच कासवांच्या किनाऱ्यावर संपतो. किनारा लांब आहे आणि अलीकडच्या वर्षांत इथे घरट्यांची संख्या मोठी आहे.
- गावखडी (रत्नागिरी) आणि वायंगणी (वेंगुर्ले) : मिरज, शिराळा भागातून आंबा घाटाने गावखडी, तर आंबोली घाटाने वायंगणी. गर्दी कमी असते. अगोदर चौकशी केल्याशिवाय मात्र निघू नका.

कधी जावे, आणि पिल्ले दिसतील का

पिल्ले बाहेर पडण्याचा मुख्य काळ फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते एप्रिल. काही घरट्यांतून मेमध्येही पिल्ले येतात. महोत्सवाच्या तारखा दरवर्षी बदलतात, कारण त्या घरट्यांच्या वयावर ठरतात. मागच्या वर्षीची तारीख धरून गाडी ठरवणे ही सर्वांत नेहमीची चूक आहे.

पिल्ले दिसतीलच असे कोणीही सांगू शकत नाही. तसा शब्द देऊन पैसे घेणाऱ्या सहल कंपनीपासून दूर राहा. शक्यता वाढवण्यासाठी एवढे करता येते :

१. निघण्याच्या आठवड्यात ग्रामपंचायत, वनविभाग किंवा घरट्यांची राखण करणाऱ्या स्थानिक कासवमित्रांकडे विचारा, 'पन्नास दिवसांच्या पुढची किती घरटी आहेत?' महोत्सव चालू आहे का, यापेक्षा हा प्रश्न कामाचा आहे.
२. एक मुक्काम नव्हे, दोन मुक्काम ठेवा. राखलेल्या घरट्यांतली पिल्ले कासवमित्र सहसा सकाळी लवकर आणि संध्याकाळी सूर्य मावळताना सोडतात. दोन मुक्कामांत चार वेळा संधी मिळते.
३. शक्य असल्यास शनिवार-रविवार टाळा. दहावी-बारावी वगळता इतर वर्गांची वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये असते. त्यामुळे मार्चमधले मधले दिवस शाळांना जमू शकतात.
४. मुलांना आधीच सांगा की एकही पिल्लू न दिसता परत यावे लागू शकते. न दिसण्याची तयारी करून नेलेली मुले वाळू, खेकडे, पक्षी, जाळी सगळे पाहतात. आश्वासन देऊन नेलेली मुले रडत परततात.

वय किती असावे, हेही विचारले जाते. घाटरस्ता, पहाटेचे उठणे आणि रांगेत गप्प उभे राहणे पाहता तिसरी-चौथीच्या पुढची मुले योग्य. त्याहून लहान मुलांसाठी पुढे दिलेले घरचे उपक्रम अधिक चांगले.

किनाऱ्यावर काय करावे, काय टाळावे

किनाऱ्यावरची बहुतेक अंडी जागच्या जागी ठेवत नाहीत. कासवमित्र ती काही तासांत काळजीपूर्वक काढतात, कुंपण घातलेल्या हॅचरीत तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात ठेवतात आणि प्रत्येक खड्ड्यावर तारीख आणि अंड्यांची संख्या लिहितात. दिवस भरत आले की खड्ड्यावर टोपली पालथी घालतात. वर आलेली पिल्ले टोपलीखाली मिळतात, आणि मग ती पाण्यापासून थोड्या अंतरावर वाळूत सोडतात. थेट पाण्यात का सोडत नाहीत, हा प्रश्न मुलांकडून येऊ द्या. जन्माच्या किनाऱ्याची खूण मनात ठसायला पिल्लाने ती वाळू स्वतः चालून जावी, असे मानले जाते. मोठी झालेली मादी बहुधा त्याच परिसरात अंडी घालायला येते.

मुलांशी हे नियम घरीच ठरवा :

- पिल्लांच्या वाटेभोवती बांधलेल्या दोरीच्या आत पाय टाकायचा नाही. इवलेसे पिल्लू पायाखाली आल्याचे कळतही नाही.
- हात लावायचा नाही, उचलून फोटो काढायचा नाही. कोणी 'घ्या हातात' म्हटले तरी नाही.
- मोबाइलचा फ्लॅश आणि विजेरी बंद. पिल्ले उजेडाकडे वळतात. हॉटेलचा किंवा गाडीचा दिवा त्यांना समुद्राच्या उलट दिशेला नेतो.
- पाण्याकडे जाण्यात मदत करायची नाही. लाटेने मागे फेकलेले पिल्लू पुन्हा चालते.
- समुद्रात पोहायला उतरायचे नाही. कोकणातले अनेक किनारे दिसतात तेवढे सोपे नाहीत आणि नदी-विहिरीत शिकलेले पोहणे लाटांमध्ये कामाला येत नाही. शिक्षकांनी याबाबत कोणतीही सवलत देऊ नये.
- रात्री अंडी घालणारी मादी शोधायला स्वतःहून जायचे नाही. माणसांची चाहूल लागली की ती अंडी न घालताच परत फिरते.

फोटो कमी काढावेत, हा सल्ला पालकांना आवडत नाही. पण पिल्लू समुद्रात जायला काही मिनिटेच लागतात, आणि ती मिनिटे मुलाने पडद्यातून पाहू नयेत. एका मोठ्या माणसाने फोटो काढावेत, बाकीच्यांनी पाहावे.

कासवमित्रांशी मुलांचा अर्धा तास ठरवून घ्या. त्यांना विचारण्यासारखे बरेच आहे : घरटे कसे ओळखता, काठीने वाळू कशी चाचपता, कुत्र्यांचे काय करता, जाळ्यात अडकलेले कासव आले तर काय होते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मच्छीमाराच्या बाजूनेही ऐकावे. जाळे कापून कासव सोडणे म्हणजे गरीब माणसाचे मोठे नुकसान. म्हणून डिसेंबर २०१८ पासून राज्यात अशा मच्छीमाराला जाळ्याच्या नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना आहे. संरक्षणाचा खर्च कोणी सोसायचा, हे मुलांना इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच दिसेल.

बेट शिकवायचे असेल तर

कासवांच्या सहलीला बेटाचा धडाही जोडता येतो. बेटावरचे जीवन नाजूक का असते, हे समजायला लक्षद्वीप-अंदमानला जाण्याची गरज नाही. वाळवा तालुक्यात बहे इथे कृष्णेच्या पात्रात रामलिंग बेट आहे, समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी एक तिथेच आहे. पावसाळा सोडून, पाणी उतरलेले असताना मोठ्यांच्या बरोबर मुलांना तिथे न्या आणि तीन गोष्टी पाहायला सांगा. बेटावर कोणती झाडे आहेत जी काठावरही आहेत? पाणी चढले तर इथला साप, सरडा, मुंगी कुठे जाईल? माणसाने बाहेरून काय आणून टाकले आहे? जायला दुसरी जागा नसणे आणि बाहेरून आलेल्या उंदीर-कुत्र्यांपुढे टिकाव न लागणे, बेटांवरच्या जीवांची खरी अडचण या दोन गोष्टींत आहे.

मग आंजर्ल्याला गेल्यावर हर्णेहून सुवर्णदुर्ग दाखवा, मोठ्या मुलांना वेंगुर्ल्याच्या समुद्रातल्या खडकाळ बेटांची गोष्ट सांगा. तिथल्या गुहांत पाकोळ्या लाळेची घरटी करतात. परदेशात ती खाल्ली जातात म्हणून चोरली जात होती, आणि ती वाचवण्याच्या कामातही सह्याद्री निसर्ग मित्र संस्था होती. चारी बाजूंनी पाणी असणे हेच बेटाचे लक्षण नव्हे, हेही कळायला हरकत नाही. उसाच्या पट्ट्यात कुंपणाने राखलेले सागरेश्वर अभयारण्य तिथल्या हरणांसाठी बेटच आहे.

नदीकाठी जाताना एक सावधगिरी. भिलवडी, औदुंबर, सांगली या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत आणि माणसांवर हल्ले झाले आहेत. मुलांना पाण्याच्या कडेला बसवू नका, पात्रात उतरवू नका. उंच घाटावरून किंवा पुलावरून दुर्बिणीने पाहा. मगरही कायद्याने संरक्षित आहे आणि नदीच्या स्वच्छतेत तिचा वाटा आहे, हेही सांगा.

परत आल्यावर : वर्गात आणि घरी

सहल न झालेल्या मुलांनाही हे करता येते.

- हजार दाणे : ज्वारीचे हजार दाणे मोजून परातीत घ्या. हजार पिल्लांतले साधारण एकच मोठे होते असा अंदाज सांगितला जातो. मुलांनी एकेक संकट सांगत मूठमूठ दाणे बाजूला काढावेत : कुत्रे, खेकडे, पक्षी, मासे, जाळी, प्लॅस्टिक. शेवटी एक दाणा उरवावा. त्यातली जी संकटे माणसाने आणलेली, त्यांचे दाणे वेगळ्या वाटीत ठेवावेत. चर्चा त्या वाटीवर करावी, कारण खेकड्याला आणि घारीला दोष देऊन काही उपयोग नाही.
- वाळूचे तापमान : कासवाचे पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. सुमारे २९ अंशांच्या वर माद्या वाढतात, खाली नर. शाळेच्या मैदानावर वाळूचा ढीग करून उन्हात आणि सावलीत, वर आणि हातभर खोल, असे चार ठिकाणी तापमापक लावा. हवामान बदलाचे व्याख्यान देण्यापेक्षा या चार आकड्यांवर मुले अधिक विचार करतात.
- नदीची वही : दर महिन्याला एकाच ठिकाणाहून, सुरक्षित अंतरावरून पाण्याचा रंग, वास, फेस, मेलेले मासे, कासव, पक्षी यांची नोंद. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ अंकली भागात कृष्णेत मेलेल्या माशांचा खच दिसला होता. अशा वेळी आधीच्या महिन्यांची वही हाताशी असली तर तक्रारीला आधार मिळतो.
- दगडी कासव : शंकराच्या देवळात नंदीपुढे कासव असते. ते कोणत्या गटातले कोरले आहे, पाय वल्ह्याचे की नखांचे, हे मुलांना ओळखू द्या. गावोगावची उत्तरे वेगळी येतात.

प्लॅस्टिकबंदीच्या घोषणा लिहून घेणे, कासवाचे मुखवटे घालून फेरी काढणे यांत गैर काही नाही. पण त्यावर वेळ संपवू नका. मुलांना पाहायला, मोजायला आणि लिहायला लावणे जास्त टिकते.

घरात कासव पाळावे का?

नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा भारतातल्या कासवांना संरक्षण देतो. २०२२ मध्ये तो दुरुस्त झाला आणि दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार किंवा व्यापार केल्यास किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. सगळी समुद्री कासवे या अनुसूचीत आहेत. अंडी उचलणे हीदेखील शिकारच धरली जाते. 'आम्ही विकत घेतले', 'भेट मिळाले', 'प्रेमाने सांभाळतो' हे बचाव चालत नाहीत.

तीन प्रकार विशेष लक्षात ठेवा :

- वास्तूसाठी स्टार कासव : घरात भरभराट होते असे सांगून चोरून विकले जाते. घेणाराही गुन्ह्यात अडकतो.
- 'वीस नखांचे' कासव : गुप्तधन किंवा पैशाचा पाऊस यांच्या नावाखाली लोकांना लुबाडले जाते आणि मऊ पाठीची कासवे मारली जातात. असे कोणी सुचवले तर पोलिसांकडे जा. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्यासाठी आयुष्य वेचले तो जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून राज्यात आहे.
- दुकानातले लाल कानाचे कासव : हे परदेशी आहे. पिल्लू नाण्याएवढे असते, पण पुढे ते ताटाएवढे होते आणि मग लोक ते तळ्यात किंवा कृष्णेत सोडतात. तिथे ते देशी कासवांचे अन्न आणि जागा घेते. घरात असेल तर नदीत सोडू नका, पशुवैद्यकाशी किंवा वनविभागाशी बोला.

घरात आधीच देशी कासव असेल तर ते गुपचूप कुठेतरी सोडून देऊ नका. जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयाशी स्वतः संपर्क साधा आणि ते सुपूर्द केल्याची लेखी पोच मागा.

कासव सापडले तर

पुरानंतर, विहीर उपसताना, कालव्याची दुरुस्ती चालू असताना आणि ऊसतोडीत कासवे सापडतात. अशा वेळी :

१. वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर फोन करा. गाव, शिवार, जवळची खूण सांगा.
२. निरोगी कासव नदीकडे चाललेले असेल तर वाट मोकळी करून द्या, कुत्री दूर ठेवा. बहुतेक वेळा एवढेच पुरते.
३. जखमी असेल तरच हलवा. मऊ पाठीचे कासव मान लांबवून जोरात चावते. पुढच्या बाजूला हात नेऊ नका, कवच मागच्या बाजूने धरा. मुलांना अजिबात धरू देऊ नका.
४. भोके असलेल्या खोक्यात, सावलीत ठेवा. मऊ पाठीच्या कासवावर ओले फडके टाका. बादलीभर पाण्यात बुडवून ठेवू नका.
५. दूध, पाव, भाकरी काहीही खायला देऊ नका. गळ अडकला असेल तर ओढू नका, दोरा लांब ठेवून कापा.
६. समाजमाध्यमांवर जागेचा पत्ता टाकू नका. तो चोरांनाही दिसतो.

कोकणात किनाऱ्यावर जखमी समुद्री कासव दिसले तर ते पुन्हा पाण्यात ढकलू नका. थकलेले कासव पाण्यात बुडून मरू शकते. सावली करा आणि वनविभागाला कळवा.

तुम्ही काय मागू शकता

- २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायत, नगरपालिका आणि महापालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. ती वही पाहण्याची मागणी करा. कृष्णाकाठच्या गावाच्या वहीत कासवाची नोंद आहे का, हे मुलांनी स्वतः तपासावे. नसेल तर समितीकडे लेखी नोंद सुचवावी.
- नदीत रसायन, मळी किंवा सांडपाणी सोडले जात असल्यास महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाकडे तारीख, वेळ, ठिकाण आणि छायाचित्रासह तक्रार करा. पोच घ्या. उत्तर आले नाही तर माहिती अधिकारात तक्रारीवर काय कारवाई झाली ते विचारा.
- शालेय सहलीसाठी शिक्षण विभागाची परवानगी, पालकांची लेखी संमती आणि मुलींबरोबर शिक्षिका असणे याबाबत शाळेला विचारणे हा पालकांचा हक्क आहे. एसटीत शालेय सहलींना सवलत मिळते. त्यासाठी आगारात आधी अर्ज करावा.
- कासव विकताना, मारताना किंवा अंडी नेताना कोणी दिसल्यास स्वतः अडवायला जाऊ नका. वनविभागाला किंवा पोलिसांना ११२ वर कळवा, नाव गुप्त ठेवण्याची विनंती करा.

फेब्रुवारी उजाडण्याआधी वेळास, आंजर्ले किंवा गुहागरपैकी एक ठिकाण निश्चित करा. त्याआधी एका रविवारी मुलांना जुन्या महाबळेश्वरला नेऊन नद्यांची वाट दाखवा, आणि १९२६ हा क्रमांक त्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर आजच लिहून द्या.